‘रोज शंभर किलोमीटर? मग इलेक्ट्रिक नकोच!’

तळेगाव दाभाडे ते खराडी आणि परत, म्हणजे रोजचे शंभराच्या आतबाहेर किलोमीटर. दोन वर्षं मी हे अंतर इलेक्ट्रिक गाडीने कापतोय आणि दोन वर्षं तेच एक वाक्य ऐकतोय. सोसायटीच्या फाटकापाशी, लग्नाच्या पंगतीत, इतकंच काय, पंपावर टायरमध्ये हवा भरून घेतानाही. “इलेक्ट्रिक गावातल्या गावात ठीक आहे हो, रोजच्या लांबच्या ये-जेला नाही चालायची. मध्येच बंद पडते.” सांगणाऱ्याने स्वतः ती चालवलेली नसते. त्याच्या मेव्हण्याच्या मित्राची मात्र हमखास घाटात बंद पडलेली असते. या मित्राला भेटण्याची माझी फार इच्छा आहे.

आधी न्यायाने बोलू. हा समज जन्माला आला तेव्हा खोटा नव्हता. २००१ साली बंगळूरहून आलेली ‘रेवा’ ही इलेक्ट्रिक गाडी एका चार्जमध्ये ८० किलोमीटरच्या आसपास जायची. २०१३च्या ‘ई-टू-ओ’ या गाडीचा कंपनीने सांगितलेला आकडा होता १००. रेवा घेऊन मी खराडीला निघालो असतो, तर परतीच्या वाटेवर निगडीच्या आसपास तिने मान टाकलीच असती. पण आज बाजारात मधल्या किमतीच्या गाड्यांत ४० ते ५० युनिट वीज मावणारी बॅटरी सर्रास मिळते. युनिट म्हणजे तेच, जे घरच्या वीजबिलात येतं. मतं मात्र अजून रेवाच्या काळातली आहेत.

आता दुसरी बाजू. “जाहिरातीत ४८९ लिहितात आणि निघतात साडेतीनशे, म्हणजे फसवणूकच की!” ‘नेक्सॉन’ या इलेक्ट्रिक गाडीच्या ४५ युनिटच्या मॉडेलचा जाहीर आकडा ४८९ किलोमीटर आहे, हे खरं. पण तो आकडा येतो कुठून, हे विचारायला नको? भारतात ही चाचणी ठरावीक पद्धतीने होते. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रोलरवर चालवतात. चाचणीचं एक आवर्तन ११८० सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. त्यात सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर, सरासरी साधारण ३२. एसी बंद. मे महिन्यात एसी बंद ठेवून गाडी हाकणारा माणूस मला अजून दिसलेला नाही. चाचणीचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता. बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात किती मिळतात, तो आकडा नेक्सॉनच्याच कंपनीने वेगळा दिला आहे आणि तो ३५०च्या थोडा पुढे आहे. माझा ठोकताळा सोपा: जाहिरातीतल्या आकड्याचे ७० टक्के धरा आणि तेवढ्यावर हिशेब करा.

तो हिशेब माझ्या डॅशबोर्डवर रोज दिसतो. माझीही गाडी ४५ युनिटचीच. सकाळी ९० टक्क्यांवर निघालो, की हिवाळ्यात घरी परत येतो ५७ टक्क्यांवर. एप्रिल-मेमध्ये, दोन्ही वेळा एसी लावून, ५३ वर. आजवरचा सर्वांत वाईट दिवस गेल्या पावसाळ्यातला: पाणी तुंबलेलं, परतीला साडेतीन तास, एसी आणि वायपर अखंड चालू. त्या दिवशी फाटकातून आत शिरताना आकडा होता ४९. म्हणजे ज्या दिवशी सगळंच बिनसलं, त्या दिवशीही मी आणखी एकदा खराडीला जाऊन येऊ शकलो असतो. इच्छा मात्र नव्हती.

“ट्रॅफिकमध्ये अडकलात की बॅटरी संपते” हा याच समजाचा धाकटा भाऊ. ही पेट्रोलची सवय बोलते आहे. पेट्रोलचं इंजिन उभ्या गाडीतही तेल पीत बसतं. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना मोटर काहीच घेत नाही. खर्च होतो तो एसीचा आणि दिव्यांचा. एसीला तासाला दीड युनिट धरलं, तरी दोन तासांच्या कोंडीत तीन युनिट गेले, म्हणजे ४५ मधले सातएक टक्के. शिवाय ब्रेक लावताना मोटरच जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत पाठवते. म्हणून शहरातल्या रखडत्या रस्त्यावर ही गाडी जास्त पल्ला देते आणि मोकळ्या हायवेवर कमी. पेट्रोलच्या नेमकं उलट.

मग पल्ला खातं कोण? वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात, की तो दीडपटीहून जास्त होतो. माझी गाडी रोजच्या वाटेवर किलोमीटरला ०.१५ युनिट घेते, पण द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने ०.१८ च्या घरात जाते. तिथे ४५ युनिटांत २५० किलोमीटर.

आणि तो बदनाम घाट. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत चढ साधारण ५५० मीटरचा. माणसांसकट १७०० किलोची गाडी तेवढी उचलायला शाळेतल्या सूत्रानेच अडीच युनिट लागतात. मोटरमधली तूट धरून तीन म्हणा. म्हणजे घाट चढण्याची जादा किंमत साधारण वीस किलोमीटर. उतरताना त्यातला बराचसा भाग परत मिळतो. घाटात गाडी बंद पडली असेल, तर ती वीस किलोमीटरचाही हिशेब न करता निघालेल्या माणसाची.

आता मूळ प्रश्नाकडे. माझं म्हणणं असं, की ‘एका चार्जमध्ये किती जाते’ हा रोज ये-जा करणाऱ्याचा प्रश्नच नव्हे. त्याचा प्रश्न आहे: ‘रात्री गाडी उभी असते तिथे प्लग आहे का?’ शंभर किलोमीटरला १५ युनिट लागले. चार्ज होतानाची तूट धरून साडेसोळा. गीझर लावतो त्या १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला तीनएक युनिट जातात. म्हणजे साडेपाच तास. रात्री साडेदहाला लावली, की पहाटे चारला काम संपलं. फोन चार्जिंगला लावून झोपतो तसंच. फक्त घराचा मंजूर वीजभार पुरतो का, हे आधी तपासून घ्यायचं आणि सॉकेट चांगल्या वायरमनकडून, अर्थिंगसकट बसवून घ्यायचं.

हा प्लग नसेल, तर मात्र मी स्वतःच सांगेन: सध्या घेऊ नका. रोज शंभर किलोमीटर आणि त्यावर दर दोन-तीन दिवसांनी सार्वजनिक चार्जरपाशी ताटकळणं, हा संसार टिकत नाही. पुण्याहून मुंबईला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्यानेही नीट विचार करावा. तीनशे किलोमीटर, बहुतांश द्रुतगती मार्गाने, म्हणजे ४५ युनिटच्या गाडीला मध्ये एकदा चार्जिंग आलंच. मुंबईच्या ऑफिसात प्लग असेल, तर प्रश्न मिटला. नसेल, तर रोज पाऊण तास फूड मॉलवर काढायची तयारी हवी.

उरलेले समज थोडक्यात.

गैरसमज: दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलावी लागते.
वस्तुस्थिती: जिओटॅब या कंपनीने २०२४ साली हजारो गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्षमतेतली घट वर्षाला सरासरी १.८ टक्के निघाली. आपल्या उन्हाळ्यासाठी अडीच धरा. आठ वर्षांनी २० टक्के गेले, तरी ३५० चे २८० उरतात आणि तुमची गरज शंभराची. खरी मेख वेगळीच आहे, ती कोणी सांगत नाही. नेहमीची हमी असते आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. वर्षाला तीनशे दिवस शंभर किलोमीटर चालवलेत, तर किलोमीटरची मर्यादा साधारण सव्वापाच वर्षांतच गाठाल. काही कंपन्या पहिल्या मालकाला याहून मोठी हमी देतात. त्यातल्या अटी वाचूनच सही करा.

गैरसमज: इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यात जास्त बंद पडतात.
वस्तुस्थिती: जर्मनीतल्या ‘एडॅक’ या वाहनचालक संघटनेच्या २०२४च्या नोंदींत दोन ते चार वर्षं वयाच्या दर हजार इलेक्ट्रिक गाड्यांमागे ४.२ वेळा मदत लागली, पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना १०.४ वेळा. आणि सगळ्यात जास्त दोष कोणाचा? त्याच जुन्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा, जी प्रत्येक पेट्रोल गाडीतही असते.

गैरसमज: पावसात शॉक बसतो.
वस्तुस्थिती: आयपी-६७ दर्जाची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बांधलेली असते. म्हणून कोणी पुराच्या पाण्यात गाडी घालू नये. पेट्रोलचीही घालू नये.

गैरसमज: बॅटरी कधीच पूर्ण भरू नये.
वस्तुस्थिती: ते रसायनावर अवलंबून आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी अधूनमधून १०० टक्के भरा, असं कंपन्याच सांगतात. आपल्या गाडीचं माहितीपुस्तक उघडा, शेजाऱ्याचं ऐकू नका. माझंही नको.

गैरसमज: सोसायटीत चार्जिंगला वेगळा परवाना लागतो.
वस्तुस्थिती: केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं, की घरच्या किंवा ऑफिसच्या असलेल्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. वायर सोसायटीच्या भिंतीवरून न्यायची, तर कमिटीशी बोलावं लागतं, ही गोष्ट निराळी. आमच्याकडे तीन सभा लागल्या. त्यातली एक निव्वळ वायर पांढऱ्या पाइपमधून न्यायची की करड्या, यावर झाली.

म्हणून शोरूमला जाण्याआधी एक काम करा. मोजपट्टी घेऊन खाली पार्किंगमध्ये जा आणि आपल्या मीटरपासून आपल्या जागेपर्यंत किती मीटर होतात ते मोजा. माझे बत्तीस भरले होते. गाडी घेण्याआधी मला खरोखर उपयोगी पडलेला आकडा तेवढाच, आणि तो मला एकाही सेल्समनने विचारला नव्हता.