‘मॉईल’ म्हणजे काय? खाणीच्या नावात लपलेला कष्टाचा इंग्रजी शब्द

नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात ‘मॉईल’ म्हटलं की मँगनीजच्या खाणी डोळ्यांसमोर येतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीच्या नावाची ही आद्याक्षरं. पण इंग्रजीत ‘मॉईल’ हा एक जुना शब्दही आहे आणि त्याचा अर्थ आहे काबाडकष्ट करणे! खाण कंपनीला नेमकं हेच नाव मिळावं, हा निव्वळ योगायोग.

या शब्दाचं मूळ चिखलात आहे. लॅटिनमध्ये ‘मॉलिस’ म्हणजे मऊ. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘भिजवून मऊ करणे’ या अर्थाचं क्रियापद आलं. ते इंग्रजीत गेलं तेव्हा ‘मॉईल’चा अर्थ होता ओलं करणे, चिखलाने माखणे. पुढे चिखलात राबणं आणि मग कुठलंही राबणं. भंडाऱ्यात पावसाळ्यात धानाची रोवणी करणाऱ्या बाया दिवसभर चिखलात वाकून असतात. ‘मॉईल’चे जुने आणि नवे, दोन्ही अर्थ तिथे एकत्र दिसतात.

आज हा शब्द एकटा फारसा भेटत नाही. ‘टॉईल अँड मॉईल’ ही त्याची ठरलेली जोडी, आपल्या ‘काबाडकष्ट’सारखीच. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी गोठलेली जमीन खणणाऱ्यांसाठी कवी रॉबर्ट सर्व्हिस यांनी १९०७ च्या ‘द क्रिमेशन ऑफ सॅम मॅगी’ या कवितेत हाच शब्द वापरला. ही कविता लिहिली तेव्हा ते बँकेत कारकून होते! दगड फोडायच्या टोकदार छिन्नीलाही ‘मॉईल’ म्हणतात, म्हणजे खाणीशी नातं तिथेही आहेच.

वापरताना मात्र जपून. ‘हार्ड वर्क’मध्ये कौतुक असतं, ‘मॉईल’मध्ये दमछाक. ‘दे मॉईल्ड इन द फील्ड्स ऑल डे’, म्हणजे ते दिवसभर शेतात राबराब राबले, हे वाक्य शोभतं. पण नोकरीच्या अर्जात ‘आय मॉईल्ड फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिलं, तर पाच वर्षांचा अनुभव नव्हे, आधीच्या मालकाबद्दलची तक्रार वाचल्यासारखं वाटेल. अर्जात ‘हार्ड वर्क’च बरं. ‘मॉईल’ खऱ्या राबणाऱ्यांसाठी ठेवावा.