आजन्म आश्रय : सर्कशीतील वाघांचे उत्तरायुष्य आणि श्रावकाची जीवदया

महाबळेश्वरी उगम पावून सातारा-सांगलीचा मुलूख सुजलाम् करीत जाणाऱ्या कृष्णेच्या काठीच भारतीय सर्कशीची मुळे रुजली, ही गोष्ट आजच्या पिढीला फारशी ठाऊक नाही. कृष्णाकाठच्या अंकलखोप गावचे विष्णुपंत छत्रे अश्वविद्येत निष्णात होते. चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली, तिचे खेळ पाहून त्यांना ईर्षा उत्पन्न झाली आणि १८८० च्या सुमारास त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. त्यांच्यामागून म्हैसाळची देवल सर्कस, कार्लेकरांची सर्कस अशी अनेक नावे गाजली. केरळातील तलश्शेरी येथे कीलेरी कुन्हीकण्णन यांनी कसरतपटूंची जी शाळा उभारली, तिलाही प्रेरणा छत्र्यांच्या सर्कशीचीच. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-सिंहांचे खेळ करीत अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोहोचले.

या मंडळींच्या धाडसाविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न उरतोच. तंबूतील दिवे मालवल्यावर त्या वाघाचे काय होत असे? खेळाची काही मिनिटे सोडली, तर त्याचा सारा दिवस चाकांवरच्या अरुंद पिंजऱ्यात जाई. आज एक गाव, उद्या दुसरे. आगीच्या कड्यातून उडी मारणे हा वाघाचा स्वभाव नव्हे. ते त्याच्याकडून भीतीने आणि भुकेने करवून घ्यावे लागते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध म्हणजे बांधून वा कोंडून ठेवणे, वध म्हणजे येथे मारहाण करणे, छेद म्हणजे अवयव छेदणे, अतिभारारोपण म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे वेळच्या वेळी अन्नपाणी न देणे. सर्कशीतील श्वापदाचे जीवन या पाच शब्दांशी ताडून पाहावे. पिंजरा, चाबूक, नखे व सुळे निकामी करणे, अनैसर्गिक कसरत आणि शिकवणुकीसाठी उपासमार. एकही अतिचार सुटत नाही. तिकीट काढून टाळी वाजविणारा प्रेक्षक यात सहभागी नसतो, असे म्हणणे कठीण आहे. कृत आणि कारित यांच्याबरोबर अनुमोदनाचाही विचार जैन आचारशास्त्राने केला आहे.

कायद्याने ही गोष्ट ओळखण्यास बराच काळ लागला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या २२ व्या कलमाखाली केंद्र शासनाने १४ ऑक्टोबर १९९८ रोजी अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबटे व सिंह यांना खेळासाठी शिकविणे व त्यांचे प्रयोग करणे बंद केले. सर्कसचालक न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली अधिसूचना उचलून धरली आणि १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका कायम केली. कृष्णाकाठाहून ज्या केरळात सर्कशीचे बीज गेले, तेथील न्यायालयानेच सर्कशीतील वाघाची सुटका मान्य करावी, हा इतिहासाचा योग मोठा विलक्षण आहे.

निकाल लागला, परंतु वाघ कोठे जाणार? महाबळेश्वरपासून कोयना-चांदोलीपर्यंत एवढे घनदाट अरण्य पसरलेले असताना त्यांना तेथे का सोडले नाही, असे कोणासही वाटेल. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून चांदोलीत एक वाघीण आणण्यात आली. पण ती जंगलात जन्मलेली व स्वतः शिकार करणारी होती. पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघास त्याच्या आईने शिकार शिकविलेली नसते आणि माणसाचे भय तर त्याला उरलेलेच नसते. असा वाघ रानात सोडला, तर तो उपाशी मरेल किंवा अन्नाच्या आशेने वस्तीकडे वळेल. त्याला मोकळे करणे म्हणजे त्याला सोडून देणे नव्हे.

म्हणून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या पुढाकाराने बनेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम् आदी ठिकाणी आश्रयकेंद्रे उभी राहिली. तेथे खेळ नाही, चाबूक नाही. रात्रीच्या निवाऱ्यासाठी खोली, दिवसा पाय मोकळे करण्यास कुंपणातील जागा, सावली, पाण्याचे टाके आणि पशुवैद्य एवढीच व्यवस्था. प्रजनन मात्र होऊ दिले जात नाही. बंदिवासात आणखी एक पिढी जन्मास घालावयाची नाही, हा त्यामागील विचार. अशा केंद्राचे यश तेथील पिंजरे हळूहळू रिकामे होण्यात असते.

महाराष्ट्रात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात मनुष्यवस्तीशी संघर्ष झालेले वाघ ठेवले जातात, तर जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांना आश्रय मिळतो. हे काम किती नाजूक आहे, याचा प्रत्यय डिसेंबर २०२४ मध्ये आला. गोरेवाड्यात बर्ड फ्लूने तीन वाघ व एक बिबट्या दगावला. बाहेरून दिसणाऱ्या कुंपणापेक्षा अन्नाची तपासणी, स्वच्छता आणि रक्षकाची सावध नजर यांवरच या प्राण्यांचे आयुष्य अवलंबून असते.

येथे जैन वाचकापुढे खरा पेच उभा राहतो. वाघ मांसाहारी आहे. त्याच्या शरीरास लागणारी काही द्रव्ये वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाहीत. दूध-भातावर त्याला जगविता येत नाही. मग एका जीवास अभय देताना दुसऱ्या जीवांच्या हिंसेस हातभार लावावा काय? भगवान महावीरांच्या पूर्वभवांत सिंहाचाही एक भव आहे. मुनींच्या उपदेशाने त्या सिंहास बोध झाला व त्याने हिंसा सोडली, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. परंतु ते व्रत त्या सिंहाने स्वतः घेतले होते. कुलूपबंद वाघावर दुसऱ्याने उपवास लादणे हे व्रत नव्हे. तो अन्नपाननिरोधच होय.

दिल्लीच्या चांदणी चौकातील जैन पक्षी रुग्णालयाने या प्रश्नावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे. तेथे शिकारी पक्ष्यांवर उपचार केले जातात, परंतु त्यांना ठेवून घेतले जात नाही. संस्थेच्या आवारात मांस येत नाही आणि जखमी घारही विन्मुख जात नाही. आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. वाघाच्या बाबतीत आहारदान श्रावकाने शासनावर सोडले, तरी औषधदान आणि अभयदान ही दोन दारे उघडी राहतात. शस्त्रक्रियागृह, औषधे, पाण्याची सोय, सावलीची झाडे, कुंपणाची दुरुस्ती, रक्षकांच्या मुलांचे शिक्षण अशा ठरावीक कारणासाठी, लेखी अट घालून देणगी देता येते. बनेरघट्टा आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथे प्राणी दत्तक योजना आहेत. मात्र त्यात रक्कम कोणत्या खर्चास जाते, हे आधी विचारून घ्यावे. कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाच्या खर्चातही प्राणिकल्याणाचा समावेश होतो. पैसा एकाच तिजोरीत जातो, खाते वेगळे केल्याने काय साधते, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. ज्याच्या मनास तो पटेल, त्याने हरिण, माकड वा जखमी पक्ष्यांसाठी द्यावे. जीवदयेस क्षेत्र अपुरे नाही.

खरी अडचण एकदा देण्याची नसून सतत देण्याची आहे. बंदिवासातील वाघ पंधरा ते वीस वर्षे जगू शकतो. सुटकेच्या दिवशी छायाचित्रे निघतात, हारतुरे होतात. म्हातारपणी दात पडलेल्या, मोतीबिंदू झालेल्या वाघाचा खर्च मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. हे गणित व्यापारी समाजास नवे नाही. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी मुंबईत पांजरापोळ स्थापिली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून तिला नित्याचे उत्पन्न जोडून दिले. भावनेच्या भरातील देणगीने संस्था जन्मते. ती टिकते कायम निधीवर आणि चोख हिशेबावर.

थायलंडमधील कांचनाबुरीचे वाघांचे मंदिर पर्यटकांत प्रसिद्ध होते. २०१६ साली शासनाने तेथून १४७ वाघ ताब्यात घेतले. शीतकपाटात मेलेले बछडेही सापडले. २०१९ पर्यंत त्या वाघांपैकी ८६ दगावले. जवळच्या नात्यातील प्रजननाने ते आधीच दुर्बल झाले होते. त्या मंदिरास पैसा कोणी पुरविला? वाघाशेजारी बसून छायाचित्र काढून घेणाऱ्या पाहुण्यांनी. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे सुटीत त्या देशाकडे जातात. सहलीसोबत जैन भोजनाची सोय आहे काय, हे आपण आवर्जून विचारतो. त्याच वेळी कार्यक्रमपत्रिकेत वाघाबरोबर छायाचित्र, हत्तीचा खेळ असे काही आहे काय, हेही विचारावे आणि असल्यास ते वगळावयास सांगावे. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

समवसरणाच्या चित्रात सिंह आणि गाय एकाच पात्रातील पाणी पिताना दिसतात. तेथे सिंहाच्या गळ्यात साखळी नसते, हे मुलांना चित्र दाखविताना जरूर सांगावे.