धर्मजागृती आणि गुलामांचा व्यापार

राष्ट्राची नीतिमत्ता ढासळली की धर्मजागृती हाच तरणोपाय, असे मानणारे प्रत्येक समाजात असतात. ख्रिस्ती जगात या मताच्या पुष्ट्यर्थ अठराव्या शतकातील इंग्लंडचा दाखला हमखास दिला जातो. तो खोटा नाही. परंतु जितका सरळ सांगितला जातो तितका सरळही नाही.

१७३९ मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड आणि त्याच्या मागोमाग जॉन वेस्ली ब्रिस्टलजवळ उघड्यावर प्रवचने करू लागले. चर्चची पायरी क्वचितच चढणारे किंग्जवुडचे खाणकामगार हजारोंनी जमले. दारू आणि जुगार सोडून कित्येकांनी संसार सावरले. पुढे मेथॉडिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या या चळवळीने गरिबाला आत्मप्रतिष्ठा दिली, हे तिच्या टीकाकारांनाही नाकारता येणार नाही. मात्र त्याच ब्रिस्टलच्या बंदरातून, त्याच वर्षांत, गुलामांच्या व्यापाराची जहाजे आफ्रिकेकडे निघत होती. श्रोत्यांच्या अश्रूंनी ती थांबली नाहीत.

किंबहुना व्हाइटफील्डनेच पुढे जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरी कायदेशीर व्हावी म्हणून खटपट केली, आणि आपल्या अनाथाश्रमाच्या खर्चासाठी गुलामांकरवी मळा चालविला. ‘अमेझिंग ग्रेस’ या स्तोत्राचा कर्ता जॉन न्यूटन याची कथा तर अधिकच बोलकी आहे. १७४८ च्या समुद्री वादळात त्याला ईश्वराची आठवण झाली; त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला. वरच्या डेकवर खलाशांसह उपासना आणि खाली साखळदंडात जखडलेली माणसे! त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लेखणी उचलली ती १७८८ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी.

या मंडळींना ढोंगी म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्यांची भक्ती खरी होती. त्यांची पापाची यादी अपुरी होती. तीत मजुराची दारू होती, साखरेच्या मळ्याचा जमाखर्च नव्हता.

ही यादी वाढविण्याचे काम काहींनी केले. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि मृत्यूच्या अवघ्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, विल्बरफोर्सला धीर देणारे पत्र धाडले. १७८७ च्या व्यापारविरोधी समितीतील बहुसंख्य सदस्य क्वेकर पंथाचे होते. गुलामीतून सुटलेल्या ओलाउडा इक्वियानोने १७८९ मध्ये आत्मचरित्र लिहून इंग्रज वाचकाला त्याच्याच बायबलच्या भाषेत जाब विचारला. जमैकात बाप्टिस्ट उपदेशक सॅम्युएल शार्प, जो स्वतः गुलाम होता, १८३१ च्या उठावाचा पुढारी ठरला आणि पुढील वर्षी फासावर गेला. शुभवर्तमानाचा अर्थ त्याला बिशपांहून लवकर उमगला होता, असेच म्हणावे लागेल.

व्यापार १८०७ मध्ये बंद झाला. गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये आला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांना. मुक्त झालेल्यांना एक पैही मिळाली नाही. भरपाई घेणाऱ्यांत बार्बाडोसमध्ये मळा असलेली अँग्लिकन धर्मप्रचारक संस्थाही होती. चर्च ऑफ इंग्लंडच्या निधीचा या व्यापाराशी असलेला संबंध मान्य करून दहा कोटी पौंड बाजूला काढण्याची घोषणा झाली, ती जानेवारी २०२३ मध्ये.