काटकोन, समकोण आणि कायमा

एका सरळ रेषेवर दुसरी रेषा अशी उभी राहिली की तिच्या दोन्ही बाजूंचे कोन सारखे होतात, तर त्या प्रत्येक कोनास मराठीत काटकोन म्हणतात. माप ९० अंश. ग्वाल्हेरच्या थाटीपुरात हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या मराठी मुलापुढे हाच कोन 'समकोण' म्हणून येतो. उर्दू पुस्तकात तो 'जाविया कायमा' असतो.

नाव बदलले की अडचणही बदलते. 'सम' म्हणजे सारखा, म्हणून ६० अंशांच्या दोन सारख्या कोनांनाही विद्यार्थी समकोण म्हणू शकतो. 'कायमा' म्हणजे उभा. मग वहीत तिरपा काढलेला काटकोन त्याला काटकोन वाटत नाही. वास्तविक दोन्ही शब्दांचा अर्थ युक्लिडच्या एकाच व्याख्येत सापडतो. एकाने रेषेचे उभे राहणे घेतले, दुसऱ्याने शेजारच्या कोनांची बरोबरी. नसीरुद्दीन तुसी यांच्या अरबी ग्रंथावरून जगन्नाथ सम्राटांनी १७१८ च्या सुमारास सवाई जयसिंहांसाठी 'रेखागणित' संस्कृतात आणले, ते याच युक्लिडचे. मराठी 'काटकोन' मुलाला असा चकवा देत नाही, पण काही सुचवीतही नाही!

तेव्हा व्याख्येआधी कागद घ्यावा, वेड्यावाकड्या कडांचा असला तरी चालेल. तो एकदा दुमडावा. मग घडीची रेघ स्वतःवरच बसेल असा पुन्हा दुमडावा. उलगडल्यावर मध्यभागी चार सारखे कोन दिसतात. आता कागद हवा तसा फिरवावा आणि यांतला काटकोन कोणता, असे विचारावे.