पितळखोऱ्याचे पाणी आणि पाषाण

पौषातली थंडी पडली म्हणजे वाळूजची कुटुंबे सुटीच्या दिवशी वेरूळकडे वळतात. ते योग्यच आहे. परंतु वेरूळवरून तसेच पुढे कन्नड गाठून गौताळ्याच्या रानाकडे वळले, तर सुमारे ८० किलोमीटरांच्या प्रवासाने पितळखोरे लागते. येथील सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे वेरूळच्या लेण्यांहून निदान सात शतके आधीची होत.

पठारावरून पायऱ्या उतरून ओढ्याशी यावे. पावसाळ्यात येथे निसरडे असते, हिवाळाच बरा. भग्न दर्शनी भाग पाहून मुले विचारतील, हे फोडले कोणी? मुख्यत्वे पाण्याने, असे त्यांस सांगावे. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक निवालेले थर. सगळेच सारखे टणक नसतात. येथला ठिसूळ. त्याच्या भेगांत पाणी मुरले आणि कडा ढासळला. म्हणून सुटलेल्या शिळांखाली शिदोरी सोडून बसू नये.

कारागिरांस हा शत्रू अपरिचित होता असे मात्र नाही. चौथ्या लेण्यात मुरणारे पाणी त्यांनी खडकात लांब पन्हळ खोदून पाच फणांच्या नागातून बाहेर काढले. गळक्या छपराशी झगडलेल्या गृहस्थाने ही युक्ती अवश्य पाहावी! जवळच जोत्यावर हत्तींची रांग आहे.

मग मुलांस शिलालेखांविषयी सांगावे. हे काम एकट्या राजाचे नव्हे. चैत्यगृहाचा एक खांब प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मितदेव नावाच्या गंधिकाने दिला; गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. चौथ्या लेण्यात राजवैद्य मगिल व त्याच्या मुलाबाळांची नावे आहेत. खडू-कोळशाने भिंतीवर स्वतःचे नाव लिहू पाहणाऱ्यांनी आधी निदान एक खांब द्यावा.

पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी येथील ढिगारे उपसून १९५९ साली वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात सापडलेला ठेंगणा, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर पात्र घेतलेल्या त्या यक्षाच्या हातावर कर्त्याचे नाव कोरले आहे: कृष्णदास, धंद्याने सोनार. त्याच्या गळ्यातील दागिने पाहिले म्हणजे हा हात सोनाराचा, हे लेख न वाचताही पटते.