गोष्टीची घडण

गोष्ट आवडत नाही असे मूल शोधूनही सापडावयाचे नाही. आजी गोष्ट सांगू लागली की नातवंडे तिच्याभोवती गोळा होतात. आणि ती क्षणभर थांबली की ‘मग काय झाले?’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडून एकदमच बाहेर पडतो. काही गोष्टी ऐकताना मात्र हा प्रश्न मनात उठतच नाही, आणि त्या गोष्टी फिक्या वाटतात. असे का व्हावे? घराला जसे पाया, भिंती आणि छप्पर, तशी गोष्टीलाही काही अंगे असतात. ती ओळखता आली म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते.

मराठी मुलाच्या कानी बहुधा सर्वांत आधी पडते ती चिमणी-कावळ्याची गोष्ट. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, आणि कावळा चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. ही गोष्ट फार जुनी आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रचलेल्या ‘लीळाचरित्रा’त ती आढळते, मात्र तेथे चिमणीच्या जागी साळई आहे. इतक्या लहान गोष्टीतही चार प्रश्नांची उत्तरे मिळतात. कोण? चिमणी आणि कावळा, ही पात्रे. कोठे आणि केव्हा? घरट्यापाशी, पावसात, हे स्थळ व काळ. काय अडले? कावळ्याचा निवारा गेला, हा पेच. पुढे काय झाले? ते कथानक.

लहानग्यांना एवढे पुरे. मोठ्या मुलांनी आणखी खोल पाहावे. त्यासाठी ‘पंचतंत्रा’तील मुंगसाची गोष्ट घेऊ.

एका ब्राह्मणाच्या पत्नीने आपल्या तान्ह्या मुलाबरोबर एक पोरके मुंगूसही वाढविले होते. तिची त्याच्यावर माया होती. पण जनावराचा काय नेम, अशी शंकाही तिच्या मनात होती. एके दिवशी ती मुलाला पतीवर सोपवून पाण्याला गेली. थोड्या वेळाने पतीही भिक्षेसाठी बाहेर पडला. इतक्यात बिळातून एक साप निघाला आणि पाळण्याकडे सरकू लागला. मुंगसाने झडप घालून त्याचे तुकडे केले. मालकीण येताना दिसताच ते आनंदाने तिला सामोरे गेले. त्याचे तोंड रक्ताने माखले होते. ‘याने माझे बाळ खाल्ले!’ असे वाटून तिने पाण्याने भरलेला घडा त्याच्यावर टाकला. ते जागीच गतप्राण झाले. आत येऊन पाहते तो बाळ सुखरूप, आणि शेजारी मेलेला साप.

या गोष्टीतील एकही अंग निरुपयोगी नाही. पाणवठा अंगणातच असता तर घर रिकामे पडले नसते, आणि गोष्टच घडली नसती. येथे स्थळ केवळ शोभेचे नाही. तसाच स्वभावाचा भाग. त्या माऊलीच्या मनात आधीपासून शंका नसती, तर रक्त पाहून तिचा हात इतक्या त्वरेने उचलला गेला नसता. पात्रांच्या स्वभावातून कृती जन्म घेते आणि एका कृतीतून दुसरी. ‘साप आला, बाई आली, मुंगूस मेले’ ही केवळ घटनांची यादी झाली. त्या घटना ‘म्हणून’ या शब्दाने एकमेकींत गुंफल्या गेल्या, की त्यांचे कथानक होते.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. मुंगसाच्या तोंडाला रक्त कशाचे लागले हे श्रोत्याला ठाऊक आहे, आईला नाही. म्हणूनच तिने घडा उचलताच श्रोत्याचा श्वास अडखळतो. त्याला ओरडून सांगावेसे वाटते, ‘थांब! आधी आत जाऊन पाहा!’ हा गोष्टीचा उत्कर्षबिंदू. सापाची हकिगत सांगणाऱ्याने शेवटपर्यंत लपवून ठेवली असती, तर धक्का बसला असता. ही तळमळ मात्र वाटली नसती. गोष्ट कोणत्या क्रमाने सांगावी, हेही तिचे एक अंगच होय.

आता काही अंगे बदलून पाहावी. ‘हितोपदेशा’त हीच चूक आईच्या हातून नव्हे, तर बापाच्या हातून होते. दूर युरोपात, वेल्स देशातील बेडगेलर्ट या गावी एका इमानी कुत्र्याची समाधी दाखवितात. तेथील दंतकथेत मुंगसाच्या जागी कुत्रा आहे, सापाच्या जागी लांडगा, आणि आईच्या जागी एक राजपुत्र. पात्रे पालटली, देश पालटला, तरी गोष्ट तीच राहिली. कारण तिचा पेच आणि तिचा आशय बदललेला नाही. पंचतंत्राच्या ज्या भागात ती येते त्याचे नावच ‘अपरीक्षितकारक’ असे आहे. म्हणजे नीट पारख न करता केलेले कृत्य.

धाकट्या भावंडांना गोष्ट सांगताना मोठ्यांनी हे ध्यानी ठेवावे. तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. ‘मुंगूस दारापर्यंत धावत का आले?’ एवढेच विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. शाबासकीच्या आशेने ते धावत आले, हे ज्या मुलाला आपले आपणच उमगते, त्याला तात्पर्य वेगळे शिकवावे लागत नाही. पुढे कधी रागाच्या भरात कोणावर हात उगारण्याची वेळ आली, तर त्याला ते रक्ताळलेले तोंड आठवेल आणि तो आधी आत जाऊन पाहील.