जुन्या ऋणकिरण-नलिकेची पारख

शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात किंवा एखाद्या जुन्या बाजारात लांब मानेची, रुंद तोंडाची काचेची नळी दिसली, तर तिला भंगार समजू नका. ती बहुधा ऋणकिरण-नलिका असेल. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे अशी नलिका प्रथम बनवली. त्याच वर्षी इंग्लंडात जे. जे. थॉमसन यांनी हे किरण म्हणजे ऋणभारित कणांचा झोत आहे, हे दाखवून दिले. पुढे दूरचित्रवाणीबरोबर (मुंबईत ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाली) हीच नलिका घरोघरी पोचली. आता सपाट पडद्यांनी तिची जागा घेतली आहे.

हात लावण्यापूर्वी एक हिशेब करा. नळीत निर्वात पोकळी असते आणि बाहेरून हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भाराने दाबत असते. वीस इंची पडदा साधारण ४१ सेंमी. रुंद व ३० सेंमी. उंच असतो. गुणाकार केलात तर भार सव्वा टनाच्या आसपास येईल! काच फुटली की तुकडे आधी आत धावतात आणि मग चहूकडे उडतात. म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, आणि नळी मानेला धरून कधीही उचलू नये. मान हाच तिचा सर्वांत नाजूक भाग.

आता मानेतून आत डोकावा. धातूच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या दिसल्या, तर झोत विद्युत् क्षेत्राने वळतो. अशी नळी बहुधा ऑसिलोस्कोपची. पट्ट्या नसतील तर झोत बाहेरच्या वेटोळ्यांनी, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने, वळवला जात असे. दूरचित्रवाणीच्या नळ्या अशाच. काचेवरचा क्रमांकही बोलका असतो. अमेरिकन ‘३ बीपी १’ मधील ३ म्हणजे पडद्याचा व्यास इंचांत आणि ‘पी १’ म्हणजे हिरवा प्रकाश देणारा लेप. ‘पी ४’ पांढरा, दूरचित्रवाणीचा. युरोपीय ‘डीजी ७-३२’ मध्ये जी म्हणजे हिरवा आणि ७ हा व्यास सेंटिमीटरमध्ये.

नळी जिवंत आहे का? बहुतेक नळ्यांत मानेच्या काचेवर आतून बेरियमचा चंदेरी आरसा दिसतो. उरलीसुरली हवा शोषून घेणे हे त्याचे काम. तो दुधासारखा पांढरा पडला असेल, तर हवा आत शिरली; पुढची तपासणी व्यर्थ आहे.

आरसा चकचकीत असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली ऑसिलोस्कोपच्या सुट्या नळीतील तापक तंतूचा रोध मल्टिमीटरने मोजा. त्याच्या पिना माहितीपत्रकात सापडतील. ‘३ बीपी १’ चा तंतू ६.३ व्होल्टला ०.६ अँपिअर घेतो, म्हणजे ओहमच्या नियमाने रोध १०.५ ओहम यायला हवा. मल्टिमीटर मात्र त्याहून पुष्कळच कमी दाखवील. घाबरू नका, तंतू थंड आहे. धातू तापला की रोध वाढतो. ६.३ व्होल्ट देऊन खोलीत अंधार करा; मानेत नारिंगी उजेड दिसेल.

तुमची तपासणी इथेच थांबली पाहिजे. पडद्यावर ठिपका आणायला हजार-दोन हजार व्होल्ट लागतात; ते काम अनुभवी तंत्रज्ञाचे. तोही ठिपका मंद ठेवतो, कारण एकाच जागी रेंगाळलेला प्रखर झोत लेप जाळतो. दूरचित्रवाणीचा जुना संच तर उघडूच नका. त्याच्या नळीला आतून व बाहेरून विद्युत्‌वाहक लेप असतो, मध्ये काच. म्हणजे पाठ्यपुस्तकातील लेडन जारच! संच बंद करून प्लग काढला, तरी हजारो व्होल्टचा भार तिच्यात टिकून राहू शकतो.

एक गंमत मात्र बिनधोक आहे. क्रमांकाच्या शेवटी ‘पी ७’ असेल, तर ती बहुधा रडारची नळी. तिचा पडदा थोडा वेळ उन्हाकडे धरा आणि अंधाऱ्या खोलीत न्या. विजेचा थेंबही न देता तो काही काळ पिवळसर चमकत राहील.